माळावरचा आठवा दगड

चांगुणा मेहकरहून पहिल्या मोटारीनं बुलढाण्याला आली आणि महादेवरावांच्या ओट्यावर बसताच रडायला लागली. फौजदारकी सोडून खाजगी तपास करणाऱ्या महादेवरावांना रडणं सोसत नसे. त्यांचे मित्र रंगराव कंपाउंडर यांनी पाणी दिलं, तेव्हा कुठं ती बोलती झाली.

तिचा नवरा सहदेव कोठडीत होता. गावच्या माळावर काळ्या दगडांची अर्धगोल रांग होती. ते आदिमानवानं रोवले, असं भगवानराव मास्तर वीस वर्षं घसा फोडून सांगत. शिकलेले लोक म्हणत, निसर्गाची करणी. रविवारी नागपूरचे तज्ज्ञ निकाल द्यायला यायचे होते. त्याआधीच मास्तर आठव्या दगडाखाली मरून पडलेले सापडले. शेजारी सहदेवची पहार होती.

“धुऱ्यावर हद्दीचे दगड रोवते तो,” चांगुणा म्हणाली. “खाली कोळसा टाकते. कोळसा सडत नाई, दगड कोणी हलवला तरी हद्द सापडते. तेवढंच येते त्याले. माणूस मारणं नाई येत.”

कोठडीत सहदेव एवढंच बोलला, की पहार मास्तरांनी मागून नेली. कशाला, ते सांगेना.

माळावर आडव्या दगडाच्या बुडाशी, तो ज्या बाजूला पडला त्याच बाजूला, ताजा खड्डा होता. मातीत कोळशाचे तुकडे दिसले. गुराख्यांनी चहा केला असेल, असं रंगरावांनी सांगून टाकलं. पंचनाम्यात होतं, की मास्तरांचा कोट शेजारच्या दगडावर घडी करून ठेवलेला, चष्मा खिशात. तळहातांना ताजे फोड होते. मरताना दगड रेटला असेल, हेही रंगरावांनीच ठरवलं.

मास्तरांच्या पत्नी सुभद्राबाई शांतपणे बोलल्या. मास्तर डोळे दाखवायला चार दिवस बुलढाण्याला गेले, तेव्हा गुराख्यांनी झुडपातला दगड सात दगडांच्या रांगेतल्या रिकाम्या जागी आठवा म्हणून उभा केला म्हणे. मास्तर हरखले. दगडाखाली उकरून कोळसा घरी आणला, आदिमानवाची चूल सापडली म्हणाले. रात्री मात्र जेवले नाहीत.

सहदेवबद्दल विचारताच त्या म्हणाल्या, “भला माणूस. मागच्या साली आमच्या धुऱ्याचे दगड त्यानंच रोवले. हे सोता उभे होते तिथं.”

महादेवरावांनी मास्तरांनी आणलेला कोळसा मागून हातात घेतला. रंगरावांना वाटलं, यांनी आता उठावं आणि घरी जावं.

“बाई, कोट काढून, चष्मा जपून ठेवून माणूस कामाला लागतो. फोड पहारीचे आहेत. खड्डा मास्तरांनीच खणला आणि दगड त्यांच्याच अंगावर आला. कोळसा चुलीचा नाही. हद्दीचा दगड रोवणाऱ्या हातानं तो सवयीनं टाकला, आणि मास्तरांनी ती सवय पाहिलेली होती. दगड गुराख्यांनी नाही, सहदेवनं रोवला. तो गप्प आहे तो कोणाला तरी दिलेल्या शब्दापायी. मास्तर नसताना असं काम त्याला कोण सांगणार?”

सुभद्राबाईंनी पदर तोंडाशी धरला.

“लोक हसत होते हो त्याइले. एक दगड कमी पडत होता.” मग हळूच विचारलं, “त्याइले समजलं होतं, म्या केलं ते?”

“समजलं होतं. म्हणून तज्ज्ञ यायच्या आत एकट्यानं पाडायला गेले. खोटं राहू नये आणि तुमचं नावही निघू नये.”

“मले एक शब्द नाई बोलले,” त्या म्हणाल्या.

रंगरावांचे डोळे भरून आले. बाई खरं बोलल्या, तर सहदेव सुटणार होता. पण मास्तरांच्या वीस वर्षांवर सारा तालुका हसणार होता.

सुभद्राबाईंनी चपला घातल्या. मेहकरच्या ठाण्यात जबाब लिहिणाऱ्या शिपायाला त्यांनी मधेच थांबवलं.

“नीट लिवा. आठवा दगड माहा. सात त्याइचे.”