कातरवाडीचा धूर

चंद्रभागा गोसावी यांच्या पत्राला भास्करराव नेऊरगावकरांनी उत्तर दिलं नव्हतं. लिहायला मात्र अनेकदा बसले होते. पण प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एखादा 'तर' नाहीतर 'परंतु' लटके, आणि कागद टोपलीत जाई.

बाई कातरवाडीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. घाटमाथ्यावरचं ते गाव. त्यांनी लिहिलं होतं : 'वाड्यावस्त्यांवरची मुलं आणायला शाळेला छोटी एसयूव्ही घ्यायची आहे. हायब्रिड घ्यावी, प्लग-इन हायब्रिड घ्यावी, की निव्वळ विजेची? तुमच्या सहीशिवाय नवी गाडी बाजारात येत नाही असं ऐकलं, म्हणून विचारते. आणखी एक. घाट चढून आलेल्या शहरी गाड्या नेमक्या आमच्या शाळेपाशीच का गुरगुरायला लागतात?'

पहिल्या प्रश्नाने भास्कररावांची झोप उडवली होती. दुसरा त्यांना भाबडा वाटला होता. पाच महिन्यांनी, सहज म्हणून, तो त्यांनी आपल्या वाहन-पारख प्रयोगशाळेतल्या रेणुका थिटेला विचारला. गाड्यांच्या आज्ञावल्या तपासणं हे तिचं काम.

"गुरगुरणारच सर," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "शहर म्हणजे आपला स्वच्छपट्टा. त्याच्या आत प्लग-इन गाडीने इंजिन लावायचं नाही, असा नियम. आपण कुठे आहोत हे गाडीला उपग्रहाकडून कळतं. म्हणजे पट्ट्यात शिरण्याआधी बॅटरी भरलेली हवी."

"ती रात्री घरी सॉकेटला लावून भरायची. प्लग-इनची कल्पनाच ती आहे."

"तुमच्या सोसायटीत कोण भरतं?"

भास्कररावांच्या इमारतीच्या तळघरात बिल्डरने प्रत्येक गाडीमागे सॉकेट दिलं होतं. पण वीज कुणाच्या मीटरवर, यावरून सर्वसाधारण सभेत दोन गट पडले आणि सेक्रेटरींनी सगळ्या सॉकेटांना कुलपं ठोकली. लोकांनी प्लग-इन गाड्या घेतल्या त्या रस्ताकर माफ म्हणून. शेजारच्या दामल्यांच्या गाडीतली चार्जिंगची केबल अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आली नव्हती.

"म्हणजे गाडी पट्ट्याबाहेर पेट्रोल जाळून बॅटरी भरते?"

"उभ्या उभ्यासुद्धा. मालक भजी खात असतो, गाडी भरत असते. बाहेरची सोयीची जागा गाडीतला मार्गनियोजक शोधतो. त्याला कातरवाडी सापडली."

"आणि साधी हायब्रिड?"

"ती ब्रेक दाबताना वीज साठवते, तेवढंच पेट्रोल वाचवते. बाकीचं जाळते जिथल्या तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणून शहरात शिरताना तिला कर. लपवत नाही त्याचा दंड."

दुसऱ्या दिवशी दोघं मोजणीची यंत्रं घेऊन कातरवाडीला गेले. शाळेसमोर भज्यांच्या गाड्यांची रांग, आणि त्यांच्यापुढे बिनमाणसांच्या मोटारी घुमत उभ्या. चंद्रभागाबाई ओसरीवरूनच म्हणाल्या, "या. आमचं पत्र पायी आलं का हो?"

"नाही… मी उत्तर लिहीत होतो."

"आमची चौथीतली पोरंसुद्धा पेपर देतात हो. अर्धा लिहिलेला असला तरी देतात."

भास्कररावांचे कान तापले. बाईंनी तिसरीचा वर्ग दाखवला. रस्त्याकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली होती, तरी भिंतीवरच्या तक्त्यांवर काळपट साय धरली होती. बाकावर पाटी-पुस्तकाशेजारी दोन इन्हेलर होते.

"पूर्वी डॉक्टर लोक रोग्याला सांगायचे, कातरवाडीला जाऊन राहा, हवा बदलेल," बाई म्हणाल्या. "आता ह्या पोरांनी हवा बदलायला कुठं जायचं, तेवढं सांगा. गाडीचं नंतर बघू."

रेणुकाच्या यंत्रावरचा आकडा शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या चौकाच्या तिप्पट होता.

परवाना प्राधिकरणाच्या संचालकांची, सरनोबतांची, खोली मोठी होती. भास्कररावांचा आवाज एरवी टेबलापलीकडेही पोचत नसे. आज पोचला. "प्लग-इन गाड्यांच्या विक्री-परवान्याच्या नूतनीकरणावर मी सही करणार नाही. शहर स्वच्छ झालेलं नाही. शहराने आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात लोटलाय."

"एवढंच ना? कातरवाडी पट्ट्यात घालतो."

"मग धूर पुढच्या गावात जाईल," रेणुका म्हणाली.

"तेही घालू. सगळा जिल्हा घालू. रागावू नका सर, या वयात बरं नाही."

"पण मग बॅटऱ्या भरायच्या कुठे?" भास्कररावांनी विचारलं.

"लोक सॉकेटला लावतील. नाइलाज झाला की माणूस शिकतो."

हे खरंही असेल, असं भास्कररावांना वाटलं. आपलाच संशय फाजील असेल. आयुष्यभर आपण असेच कचरत आलो. त्यांनी सही केली.

माणूस शिकलाही असता. पण गाडी आधी शिकली.

नवा नकाशा लागू झाला त्याच संध्याकाळी शहरातल्या उंच इमारतींमधून धुराच्या घंटा वाजू लागल्या. माणसं मुलाबाळांना घेऊन जिन्यांवरून खाली धावली. भास्करराव रस्त्यावर उभे असतानाच रेणुकाचा फोन आला.

"सर, तळघरात उपग्रह दिसत नाही. उपग्रह दिसला नाही की गाडीला वाटतं, आपण पट्ट्यात नाही. सगळा जिल्हा बंद झाल्यावर तिला भरायला तेवढीच जागा उरली."

इमारतीच्या तळघरात, कुलूप घातलेल्या सॉकेटांपासून हातभर अंतरावर, कुणीही आत नसलेल्या गाड्या पेट्रोल जाळून वीज करत होत्या. एक रखवालदार बेशुद्ध पडला, तो वेळीच बाहेर काढला म्हणून वाचला. सरनोबतांच्या इमारतीतली माणसंही फुटपाथवर बसली होती.

त्याच रात्री जेवणवेळेच्या आत नवा आदेश निघाला. छताखालची प्रत्येक जागा स्वच्छपट्ट्यात धरावी. आणि खाली एक ओळ : कातरवाडी तूर्त पट्ट्यातून वगळण्यात येत आहे.

भास्कररावांनी सरनोबतांना फोन लावला. "कातरवाडी का वगळली?"

"बॅटऱ्या कुठेतरी भरायला हव्यात ना सर. तुम्हीच विचारलं होतंत."

भास्कररावांनी मनात हिशेब केला. त्या पोरांच्या खोकल्याची दखल घ्यायला आपल्याला पाच महिने लागले, आणि तळघरातल्या धुराला एक संध्याकाळ पुरली. तीही फक्त धूर परत पाठवायला. त्यांनी फोन ठेवला, सही मागे घेतल्याचं प्राधिकरणाला दोन ओळींत कळवलं आणि दुसरा कागद ओढला.

'चंद्रभागाबाई, निव्वळ विजेची घ्या. शाळेच्या छपरावर सौरपाट्या मी पाहिल्या आहेत. तुमची रोजची फेरी माथ्यावरच्या माथ्यावर आहे; तेवढी वीज तिथेच निघेल. साधी हायब्रिड खोटं बोलत नाही, पण तुमच्या पोरांच्या वाट्याला धूर पुरेसा येऊन गेला आहे. प्लग-इनही गाडी म्हणून वाईट नाही. रोज सॉकेटला लावणाऱ्याच्या हाती ती उत्तम आहे. इथे तशी माणसं नाहीत, हे ठाऊक असून ती विकली जाते. त्या विक्रीवरची माझी सही मी आज मागे घेतली आहे. तुम्हाला पाठवलेल्या धुराची मोजणी आणि दोन्ही आदेशांच्या प्रती सोबत जोडतो. न्यायालयात जा. उद्या पुन्हा आमच्या गाड्या तुमच्या दारात येतील. त्यांचे क्रमांक टिपून ठेवा. साक्षीला मी येईन.'

सकाळी पोस्ट उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. कारकुनाने जाडजूड पाकीट काट्यावर ठेवलं.

"पोचपावती हवी?"

"हवी."

"पत्ता नीट दिसत नाही हो. कुठलं गाव?"

"कातरवाडी," भास्करराव म्हणाले, इतक्या मोठ्याने की रांगेतली सगळी माणसं वळून पाहू लागली. कारकुनाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.