उजवीकडची काळी पट्टी

कुंभार पिंपळगावात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत शिवाजी आला आणि म्हणाला, घरच्या टीव्हीचं चित्र उजवीकडून कापलं जातंय. शिवाजी माझ्या वर्गातला, आता गावातल्याच शाळेत मास्तर. घरात तो, त्याची बायको पुष्पा आणि वडील अप्पाराव, तिघंच. अप्पांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. त्यांचा दिवस सरावा म्हणून शिवाजीनं हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही घेतला होता आणि त्यांच्या बाजेच्या अगदी समोर मांडला होता.

मी दुपारी गेलो. चित्र स्वच्छ होतं, आवाज बरोबर होता, मुंग्या नव्हत्या. फक्त उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत दोन बोटं रुंद काळी पट्टी होती. आधी एक बोट होती, असं पुष्पावहिनी म्हणाल्या. हा बिघाड मला नवा नव्हता. व्होल्टेज कमी पडलं की चित्र आखडतं. मी मीटर लावला. व्होल्टेज भरपूर होतं. तरी एक कंडेन्सर बदलला. पट्टी तशीच राहिली.

अप्पा बाजेवरून घशातून आवाज काढत होते आणि चालत्या डाव्या हाताची मूठ बाजेच्या माचव्यावर आपटत होते. चित्र तुटकं दिसतं म्हणून त्यांना राग येतो, असं वहिनींनी सांगितलं. टीव्ही लावला की रोज असंच चालायचं. त्यांनी पुढं होऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

काच पुसताना मला पट्टीत खोलीचं प्रतिबिंब दिसलं. काळ्या काचेत ते दिसणारच. बाहेरचं दार दिसत होतं, सताड उघडं. उजेडानं अडचण होते म्हणून मी ते लावायला वळलो. दार बंद होतं. मी आलो तेव्हा वारा लागतो म्हणून वहिनींनीच आतून कडी घातली होती.

काच जुनी आहे, कोन वेगळा आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि सेट लुनावर बांधून दुकानात आणला. दुकानात दोन दिवस तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला. चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण. एकदाही आखडलं नाही. तिसऱ्या दिवशी परत नेऊन जागेवर ठेवला, बटण दाबलं. पट्टी आता चार बोटं झाली होती.

मी सॉकेट बदललं. शेजारच्या घरून वायर ओढून पाहिली. स्टॅबिलायझर लावला. अँटेना काढून टाकला, तेव्हा चित्राच्या जागी मुंग्या आल्या, पट्टी मात्र हलली नाही. शेवटी मी गुडघ्यावर बसून त्या पट्टीतच पाहिलं. दार उघडं होतं आणि उंबऱ्याच्या आत चपलांचा ढीग पडला होता. बायकांच्या, पुरुषांच्या, एकावर एक. मागं वळलो तर तिथं माझी एकट्याची जोडी होती.

वहिनींनी हळू आवाजात विचारलं.

"भाऊजी, अप्पाचं काही बरंवाईट होनार न्हाई ना?"

"काय दिसलं का तुमाला?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, त्यांना काही दिसलं नव्हतं. पण टीव्ही बिघडल्यापासून अप्पा जेवत नव्हते. घास भरवला की तोंड फिरवायचे आणि शिवाजी खोलीत आला की त्याचा सदरा धरून ठेवायचे. बोटं सोडवावी लागत.

मी सेट तिथून नेतो म्हणालो. पण शिवाजीनं शाळेतून आल्यावर नको म्हटलं. म्हाताऱ्याला दुसरा काय विरंगुळा आहे, शनिवारी निवांत ये आणि एकदाचं बघून टाक, असं त्याचं म्हणणं पडलं.

शनिवारी मी गेलो तेव्हा चार वाजले होते. शिवाजी मोटारसायकल पुसत होता. त्याला कामासाठी अंबडला जायचं होतं. पुष्पावहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. मी बटण दाबलं.

आवाज आला. चित्र आलं नाही. पट्टीनं सगळा पडदा व्यापला होता.

काळ्या काचेत पूर्ण खोली दिसत होती. भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या. पुरुष खाली, पाय दुमडून. मधोमध अप्पा. बाजेवर नाही, जमिनीवर, ताठ बसलेले.

त्यांच्याशेजारी पुष्पावहिनी होत्या. कपाळ मोकळं होतं.

मी काचेच्या अगदी समोर होतो. माझं प्रतिबिंब त्यात नव्हतं.

मी वळलो. वहिनींच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. बाजेवर अप्पा माझ्याकडं पाहत होते. त्या दिवशी त्यांनी मूठ आपटली नाही, आवाजही काढला नाही. फक्त पाहत होते.

शिवाजी दारात आला.

"झालं का रे, देवानंद?"

मला त्याला थांबवायचं होतं. काय कारण सांगणार होतो? टीव्हीच्या काचेत तुझी बायको विधवा दिसली, हे मास्तर माणसाला, त्याच्या बायकोसमोर?

"पिक्चर ट्यूब गेली," मी म्हणालो.

"मंग येतो मी. अंधार पडायच्या आत माघारी यायचंय."

तो गेला. मी बटण बंद केलं.

अंकुशनगरच्या अलीकडं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. दिवेलागणीच्या वेळेला माघारी येताना तो मागून तिच्यावर जाऊन आदळला. जागीच गेला.

मी पाचव्या दिवशी भेटायला गेलो. त्याआधी पाऊलच उचलत नव्हतं. दार सताड उघडं होतं. उंबऱ्याच्या आत चपलांचा ढीग होता. मी माझ्या त्यात काढल्या. अप्पा खाली बसले होते. मुलाला नेलं त्या घटकेला त्यांना वाचा फुटली आणि ते उठून बसले, असं मला बाहेरच कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज खरखरीत होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मी पंधरा दिवस बघून राह्यल्तो. सांगता येत न्हवतं. तुमाला दिसलं व्हतं का?"

आजूबाजूला माणसं होती. वहिनी हाताच्या अंतरावर बसल्या होत्या.

"न्हाई अप्पा," मी म्हणालो. "ट्यूब गेल्ती."

त्यांनी मान डोलावली. मग माझ्या कानाशी तोंड आणून, अगदी हळू, त्यांनी विचारलं,

"मंग तुमी वळून सुनबाईच्या कपाळाकडं का पाह्यलं?"