डावऱ्या हाताचा गुलाब

येले, तो मोबाईल ठेव खाली. आणि फीन, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. लुतगार्दची गोष्ट मी थट्टेवारी नेऊ देणार नाही.

लुतगार्द म्हणजे तुमच्या मामीची मावसबहीण. इथे ब्रुजमध्येच, जुन्या लेसशाळेच्या संग्रहालयात फाटक्या लेसच्या डागडुजीचं काम करायची. लग्न नाही, घरात साधं मांजरही नाही. त्या वर्षी तिच्याकडे राजघराण्यातली एक जुनी लेसची ओढणी आली, लग्नात नवरीनं डोक्यावर घ्यायची. तिचा इतिहास शोधायचा होता. ती घेणाऱ्या राजकन्येचं सगळं सापडलं, लग्नाच्या दिवशी पानात काय वाढलं होतं तेसुद्धा. पण विणली कुणी?

"फिर्मिन, मला ओढणीच्या पाटीवर त्या बाईचं नाव लिहायचंय," एवढंच माझ्यामागे तिचं टुमणं.

तिचे साहेब हसले. "विणणाऱ्या बायकांची नावं कोण ठेवतं, लुतगार्द?"

खरंच होतं ते. एक बाई जन्मभर गुलाब विणायची, दुसरी पानं, जोडणारी तिसरीच. पुरी झालेली ओढणी गुलाबवालीच्या नजरेलाही पडायची नाही. पण लुतगार्दनं भिंगाखाली एक गोष्ट हेरली. सगळ्या गुलाबांचा पीळ उलटा होता. डावऱ्या हाताचा! शाळेत डावखुऱ्या पोरींच्या हातावर छड्या बसायच्या, तरी ही बया डावरीच राहिली होती.

२०१९ची एक नोव्हेंबर, शुक्रवार. आपण सगळे कबरींवर शेवंती वाहून आमच्याकडे कॉफीला जमलो होतो. तिलाही बोलावलं होतं. "तुम्ही सगळे जोडीजोडीनं बसता, मी कुठे बसू?" म्हणाली, आणि गेली संग्रहालयात.

ओढणी पसरायला लांब टेबल तळघरातच. पूर्वी पोरी तिथेच विणायला बसायच्या, कारण ओलीत धागा तुटत नाही. कोपऱ्यात बघ्यांना दाखवायला एक बुटकी खुर्ची मांडलेली, तिच्यावर लेस विणायची उशी, आणि उशीवर धागा गुंडाळलेल्या लाकडी टिपऱ्या. रात्रीचे अकरा वाजले असतील. दाराची किल्ली तिच्याच खिशात.

टिक.

तिनं मान वर केली नाही.

टिक… टिक.

टिपऱ्या हलत होत्या. हात नव्हते. नुसत्याच टिपऱ्या…

"मामा, मग ती पळाली का नाही?"

मीही तेच विचारलं, फीन. म्हणाली, "अरे, रात्री माझ्या खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता."

ती पुटपुटली, "नाव सांग ना, बाई."

टिपऱ्या थांबल्या.



मग लुतगार्दनं ओढणी उचलली, खुर्चीपुढे धरली. "बघ. पुरी झालीय."

ओढणीचं दुसरं टोक वर गेलं. सावकाश. बसलेल्या बाईच्या डोक्याइतकं. तिथेच राहिलं…

किती वेळ, तिला सांगता आलं नाही. मग ते अलगद खाली आलं. लुतगार्दला रडू फुटलं. "मला नाही गं कुणी कधी असं काही विणून दिलं," म्हणाली. भूत समोर, आणि ही आपलं मन मोकळं करत बसली होती!

टिक… टिक… टिक.

उजाडेपर्यंत.

सकाळी उशीवर एक गुलाब होता. पांढरा, कोरा, उलट्या पिळाचा. तिनं तो पाकिटात ठेवला. पाटीवर नाव काही आलं नाही. साहेबांशी भांडून तिनं एवढंच लिहून घेतलं: गुलाब एका डावऱ्या बाईचे.

लुतगार्द मार्चमध्ये गेली. तिचं असं कुणी नव्हतंच, म्हणून दवाखान्यानं पाकीट माझ्याकडे दिलं. हा बघा तो गुलाब. मी उन्हात ठेवला, शेगडीशेजारी ठेवला, आठवडाभर.

घे, येले. लाव बोट.

…

ओलाच आहे ना?