फाळक्यावरची ओळ

"...मग हॉर्न सोड!"

शिवकन्येच्या तोंडून निघून गेलं आणि तिनं लगेच जीभ चावली.

दसऱ्यानंतरची मऊ संध्याकाळ. अंबाजोगाईच्या कॉलेजातून परतताना ती वडवणीच्या फाट्यावर उतरली होती. रस्त्याकडेला ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉल्या रंगवायला उभ्या होत्या. एकीच्या मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत 'ऊस लागला गोड...' एवढंच लिहिलेलं. पुढचं सुचेना म्हणून पेंटर नुसताच उभा होता.

तो वळला. डोळ्यांत हसू.

"परत म्हणा की, मॅडम."

"मी कुठं काय म्हटलं?"

"'ऊस लागला गोड, मग हॉर्न सोड.' लई भारी हाय! लिहू?"

"लिहा... पण माझं नाव कुणाला सांगू नका."

"मलाच माहीत न्हाई, तर सांगू काय?"

ती हसली, आणि हसता हसता नाव सांगून बसली. त्याचं नाव अंगद.

मग रोजच तिची पावलं तिथं रेंगाळू लागली. घरी ती अंधाराच्या, वेदनेच्या कविता लिहायची. तिचे वडील भगवानराव, निवृत्त मास्तर, त्या कौतुकानं पाहुण्यांना वाचून दाखवायचे. पाहुणे जांभया दाबायचे. इथं मात्र रंगाच्या वासात शब्द करडांसारखे उड्या मारत यायचे.

"घाई असेल तर उडून जा..." ती म्हणायची.

"अन् नसेल तर?"

"मागं मागं गाणं गा!"

बसच्या खिडकीशी डोळे मिटले की तिला दिसायचं – कुठल्याशा लांबच्या कारखान्याचा रस्ता, निळसर धुकं, आणि ट्रॉलीमागं अडकलेलं कुणीतरी तिची ओळ वाचून एकटंच हसतंय...

एके दिवशी अंगद ओळ न विचारताच कुंचला धूत राहिला.

"लोक माझं कौतुक करतात. ओळी तुमच्या, अन् खाली 'पेंटर अंगद'. मला न्हाई जमत. तुमचं नाव टाकू द्या... न्हाईतर आजची ओळ शेवटची."

तिनं आजूबाजूला पाहिलं. "बाबा काय म्हणतील? गावभर होईल – मास्तरांची पोरगी ट्रॉल्यांवर चावट लिहिते!"

"चावट न्हाई, खट्याळ. अन् मला तर... तीच आवडती."

"कोण? ओळ?"

तो मान खाली घालून रंग ढवळू लागला. कान तेवढे लाल झाले.

समोर बंकट मुकादमाची ट्रॉली होती. उद्या निघणारी. शिवकन्या तिच्याकडं बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "भरल्यावर चालतो हळू... घराकडं लागतो पळू."

अंगदनं लिहिलं. ट्रॅक्टरपासून मागं आलेल्या बंकटनं वाचलं आणि उगाच घसा खाकरला. "आमचंच लिवलं की, पोरी."

कोपऱ्यात अंगदनं आपलं नाव टाकलं, आणि डबा बंद करायला झाकण उचललं.

"थांब." तिनं त्याच्या हातातून कुंचला घेतला. त्याच्या नावाशेजारी लिहिलं – शिवकन्या. अक्षरं वाकडी आली, रंग ओघळला. तो फडकं घेऊन पुढं झाला.

"पुसू नको. बाबांना वाचू दे."

बंकटनं मान वाकडी करून बघितलं. "अंगद, शिवकन्या... माझ्या ट्रॉलीवर लग्नाची पत्रिका छापली का बे?"

"न्हाई मामा, ते..." अंगदला कुठं बघावं कळेना.

शिवकन्येनं कुंचला अंगदच्या हातात दिला. मग ती म्हणाली, "इतक्यात कुठली पत्रिका, मामा? तुमी परत येईपर्यंत ह्याला विचारायचा धीर झाला, तर छापू."

बंकट खो खो हसत ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला निघून गेला.

"झालाय धीर," अंगद हळूच म्हणाला. "विचारू?"

"विचार की... पण यमक जुळवून."