उलट्या फरशीवरचं पिल्लू

दुकानात शिरल्याशिरल्या ती नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट गुडघ्यांवर बसली आणि काउंटरच्या पायथ्याशी डोकावून बघू लागली.

चष्मेवाल्याच्या हातात कुणाचीतरी काडी तुटलेली फ्रेम होती. तो होता तिथेच थिजला. "हलत नाही मी. लेन्स पडली का? कुठल्या डोळ्यातली?"

"डोळे ठीक आहेत माझे. फरशी बघतेय."

"फरशी?"

"खिडकीपासून तिसरी ओळ… एक, दोन… ही! सगळ्यांची निळी पाकळी आत वळलीय, हिची बाहेर. सापडली!"

"सात वर्षं तिथेच आहे ती," चष्मेवाला म्हणाला. "हरवली कधी होती?"

ती उठली, गुडघे झटकले, आणि मग एकदम ओशाळली. "ही माझी चूक आहे," ती म्हणाली.

तर झालं होतं असं. ती फरश्यांच्या दुकानात कामाला होती. कुठल्या खोलीत कुठला तुकडा कसा बसेल, ते चौकटीच्या कागदावर आखून द्यायचं, हे तिचं काम. सात वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, तिनं पहिला कागद आखला तो या दुकानाचा. एका चौकोनातला बाण उलटा काढला गेला. कारागीर असा आज्ञाधारक, की त्यानं कागदाबरहुकूम ती एकच फरशी उलटी बसवली. चूक कळली तेव्हा सिमेंट वाळलं होतं. तेव्हापासून या रस्त्यानं जायची वेळ आली की बाईसाहेब पलीकडच्या फुटपाथवरून जात.

"बाबा होते तेव्हा," चष्मेवाला हसला. "कारागीर उखडायला निघाला, तर ते म्हणाले, राहू दे, पोरीची नवी नोकरी आहे. म्हणजे ती पोरगी तुम्ही!"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढा भला माणूस, आणि आपण सात वर्षं तोंड चुकवत राहिलो! पण लाजायला आज सवड नव्हती. तिनं मोबाइल पुढे केला.

जाहिरात होती. लांब कानांचं, तपकिरी, मूठभर पिल्लू फरशीवर बसून कॅमेऱ्याकडे मान वाकडी करून बघत होतं. आणि त्याच्या शेपटीखाली… उलटी निळी पाकळी.

"आता सांगा," ती म्हणाली, "पिल्लू तुमच्या दुकानात, तर विकणारा चार तास लांबच्या गावचा कसा? आज दुपारपर्यंत आगाऊ रक्कम पाठवा म्हणतो, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. रविवारी पिल्लू घरपोच. मी पाठवणारच होते, शेवटचं म्हणून फोटो मोठा करून बघितला… आणि ही दिसली."

चष्मेवाल्याचं हसू मावळलं. त्यानं खुर्चीमागचा पडदा बाजूला केला. तिथे जुन्या गादीवर एक भलंमोठं, तोंडाशी पांढरं झालेलं कुत्रं घोरत होतं.

"मालक, उठा," तो म्हणाला. "तुमचा लहानपणीचा फोटो विकायला निघालाय कुणीतरी."

मालक उठले नाहीत. दुकान आपलंच आहे अशा थाटात वागायचे, म्हणून हे नाव. पिल्लू आणलं त्या दिवशी चष्मेवाल्यानं हौसेनं नेटवर टाकलेला फोटो कुण्या भामट्यानं उचलला होता. ती मटकन स्टुलावर बसली.

"पैसे गेले नाहीत ना? मग रडण्यासारखं काय आहे?"

"पैशांचं नाही हो… माझ्या बाबांचं आहे."

आई गेल्यावरही बाबा कुत्र्याला फिरवायला म्हणून सकाळ-संध्याकाळ बाहेर पडत. गेल्या हिवाळ्यात म्हातारं कुत्रंही गेलं. तेव्हापासून बाबा खिडकीपाशी बसले ते बसलेच. जेवायचं का, तर बरं. झोपायचं का, तर बरं. आणि परवा हा फोटो बघून ते आपण होऊन म्हणाले, "हा." वर्षभरात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. काल त्यांनी कुत्र्याचं जुनं भांडं घासून लख्ख केलं, फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं.

चष्मेवाल्यानं हातातली फ्रेम काउंटरवर ठेवली. मग म्हणाला, "फोन लावा त्याला. व्हिडिओवर पिल्लू दाखव म्हणावं."

तिनं स्पीकर चालू केला. पलीकडचा आवाज मधाळ होता. "ताई, कॅमेरा बिघडलाय हो. पण अगदी खेळकर बाळ आहे."

"आत्ता काय करतंय?"

"माझ्यासमोरच उड्या मारतंय!"

एवढ्यात मालक आळस देत उठले, डुलत डुलत आले आणि तिच्या पावलावर हनुवटी टेकून पुन्हा घोरायला लागले. तिनं चष्मेवाल्याकडे बघितलं. तो ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होता.

"फारच उड्या मारतंय," ती फोनमध्ये म्हणाली, "इथवर ऐकू येतंय." आणि फोन ठेवून दोघं पोट धरून हसली… हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी कधी आलं, तिलाच समजलं नाही. त्यानं चष्मे पुसायचं पिवळं फडकं पुढे केलं. अगदी हलकेच, जसा कुणाला नवा चष्मा द्यावा तसा.

"फरश्यांवरची तुमची नजर तेज आहे," तो म्हणाला. "कुत्र्यांवर जरा कच्ची आहे. पुढच्या वेळी मी सोबत येतो. चालेल?"

"दुकान?"

"मालक आहेत ना."

घरी तिनं बाबांना खरं ते सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." घासलेलं भांडं त्यांनी फळीवर पालथं घातलं.

त्यानंतरच्या रविवारी ती आणि चष्मेवाला बस बदलून दुसऱ्या एका जाहिरातीतल्या पत्त्यावर गेली. हा माणूस खरा होता, पिल्लंही खरी होती. पण त्यानं दोघांना दाराबाहेरच उभं केलं आणि आतून खोक्यात घालून तीन पिल्लं आणली. डोळ्यांना चिपडं, पोटं फुगलेली. एकानं तिच्या बोटाला तोंड लावलं… आणि तिचा जीव विरघळला.

"यांची आई कुठेय?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"आई इथे नसते."

"मग असते कुठे? किती दिवसांची आहेत ही?"

"साहेब, घ्यायचं असेल तर घ्या, आल्या आल्या चौकशा कसल्या?" आत कुठेतरी एकाच वेळी पाच-सहा कुत्री भुंकली. त्या माणसानं पाठीमागचं दार ओढून घेतलं.

"मी घेते," ती घाईनं म्हणाली. "एक तरी सुटेल."

"नको," चष्मेवाला म्हणाला.

"दगड आहात का तुम्ही?"

"हे रिकामं झालं की पुढचं खोकं भरायला आत ती आईच आहे ना? तिला कोण सोडवणार?"

ती तरातरा चालत बसथांब्यावर गेली. तो शेजारी, पण हातभर अंतर ठेवून उभा राहिला, आणि फोनवर प्राण्यांच्या संस्थेला पत्ता सांगू लागला. सांगताना त्याचा आवाज फुटला. दगड कुठला! चष्मा काढून तो पुसत राहिला, तोही शर्टाच्या टोकानं, कारण पिवळं फडकं तिच्या पर्समध्ये होतं. ती दोन पावलं सरकली. अंतर संपलं.

चौथ्या दिवशी संस्थेचा फोन आला. त्या घरातली सगळी कुत्री बाहेर काढली होती, आईसुद्धा. ही बातमी फोनवरही सांगता आली असती. चष्मेवाला ती सांगायला दोन चौक ओलांडून फरश्यांच्या दुकानात आला, वर 'आमच्याकडे एक फरशी उलटी आहे' अशी तक्रारही नोंदवून गेला.

मग मालकांच्या डॉक्टरांनी एक नाव सुचवलं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांच्या कुत्रीला दोन वर्षांतून एकदाच पिल्लं. फोनवर बाईंनी किमतीचं नावच काढलं नाही. "पिल्लू कुणासाठी? वडिलांसाठी? मग वडील येऊ देत," म्हणाल्या.

बाबांना बाहेर काढायचं म्हणजे दिव्यच. पण चष्मेवाला घरी आला, बाबांचा चष्मा हातात घेऊन म्हणाला, "काका, या काचेतून पिल्लू आणि उशी यातला फरक कळायचा नाही." तिथेच दांड्या सरळ केल्या, काचा पुसल्या, चष्मा बाबांच्या नाकावर चढवला. बाबांनी त्याला नीट न्याहाळलं. मग लेकीला न्याहाळलं. आणि चपला शोधू लागले.

बाईंच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी, चार पिल्लं आईच्या कुशीत लोळत होती. आई उठली, आलेल्या तिघांना हुंगून घेतलं, परत जाऊन आडवी झाली. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले. एक पिल्लू धडपडत आलं आणि त्यांच्या मांडीवर चढता चढता तिथेच झोपून गेलं. बाबा श्वाससुद्धा जपून घेऊ लागले. किती महिन्यांनी ती हा चेहरा बघत होती!

पण बाईंनी वही उघडली, आणि परीक्षाच सुरू झाली. आधी कुत्रं होतं का? कशानं गेलं? फाटक किती उंच? लसी कोण टोचून आणणार? "आत्ता पाच आठवड्यांची आहेत. आठ पुरे झाल्याशिवाय देणार नाही. आणि कधी सांभाळणं झालं नाही, तर इथेच परत आणायचं, दुसऱ्या कुणाला नाही. कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले. 'बरं' नाही म्हणाले.

"कुत्रं बारा-चौदा वर्षं जगतं, काका. तुमचं वय आता… रागावू नका. उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात तर? मुलगी दिवसभर कामावर. तेव्हा कोण?"

बाबांचा पिल्लावरचा हात थांबला. त्यांनी मान खाली घातली, आणि हळूच पिल्लू उचलायला लागले… परत द्यायला. ती पुढे सरकली. खोटं बोलावं? काय बोलावं?

"मी आहे," चष्मेवाला म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही कोण यांचे?"

"मी… चष्मे बनवतो."

"ते विचारलं नाही मी. सोबतीला म्हणून आलेली माणसं वर्षभरात दिसेनाशी होतात. तुम्ही किती दिवस असाल?"

"चौदा वर्षं," तो म्हणाला. त्याची नजर बाईंकडे नव्हती, बाबांच्या लेकीवर होती. "पुढेही. म्हणजे… त्यांची हरकत नसेल तर. घाई नाही मला. आगाऊ काही मागतही नाही."

बाई पेन बंद करून म्हणाल्या, "शहाणे आहात. उत्तर आज नकोच. घरी जा, विचार करा, पुढच्या रविवारी या. घाईत ठरवलेलं मी ऐकून घेत नाही."

तिनं डोळे पुसायला पर्समध्ये हात घातला, तर रुमालाऐवजी पिवळं फडकंच हाती आलं. ते त्यानं बघितलं. बाबांनीही बघितलं. सात वर्षं पलीकडच्या फुटपाथनं चालून झालं, तिला वाटलं. आता पुरे.

"मला आठवडा नको, बाई," ती म्हणाली. "मला हा माणूस आवडतो. चांगल्या फरशीसारखा आहे, पाय घसरू देत नाही, पळ काढत नाही, आणि माझी चूक यानं सात वर्षं रोज पुसून चकचकीत ठेवलीय. लिहा तुम्ही. मी कामावर असेन तेव्हा, हा."

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसायला फडकं नाही म्हणून तसाच परत घातला. "ती फरशी बदलायची नाही हं," एवढंच त्याला सुचलं.

"हात लावून तर बघ," ती म्हणाली.

बाई काही लिहीत होत्या. बाबांनी पिल्लू पुन्हा मांडीवर ठेवलं, त्याचा लांब कान सारखा केला आणि वर न बघताच म्हणाले, "ह्या पोराला रविवारी जेवायला बोलाव. भांडी मी घासतो."