कंप्रेसरचं बटण

अनंता पहिल्यांदा शहापूरच्या त्या दातांच्या दवाखान्यात शिरला, तेव्हा डॉक्टरबाईंच्या हाताखाली काम करणाऱ्या कुणालीने त्याला काही विचारलंच नाही. खुर्चीत बसवलं, गळ्याशी ॲप्रन बांधला, दिवा तोंडावर ओढला.

"आ करा."

बिचाऱ्याने केला! तिने सगळ्या दाढा न्याहाळल्या, तेव्हा कुठे तो चाचरत म्हणाला, "मी... मशीन बसवायला आलोय. मुरबाडवरून."

"मग आ कशाला केलात?"

"तुमी सांगितलंत ना..."

झालं! शेणवे गावची ही पोरगी, एरवी रक्त बघूनही न डगमगणारी, त्या दिवसापासून एका जागी ठरेना.

मशीन म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेला माइक. डॉक्टरबाईंचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात गुंतलेले. त्यांनी नुसतं "सव्वीस नंबर, कीड" म्हणायचं, की पेशंटच्या नोंदीत ते आपोआप उमटणार. एकदा ते नीट चाललं, की अनंताचं इथलं काम संपलं. मग किन्हवलीच्या रस्त्याने त्याची मोटारसायकल कशाला येईल?

म्हणून चाचणी सुरू झाली, की कुणाली मागच्या खोलीत जाऊन दात कोरायच्या यंत्राला हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरचं बटण दाबायची. घर्रर्र... पडद्यावर शब्दांची नुसती खिचडी! बाई वैतागायच्या, अनंता मान खाजवायचा, आणि पुढच्या आठवड्यात पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन पुन्हा हजर.

"तुमचं मशीन बहिरं हाय का हो?" ती विचारायची.

"मशीनला ऐकू येतं. मलापण येतं," तो हळूच म्हणायचा. हिच्या हातातला चिमटा खणकन ट्रेमध्ये पडायचा.

पण आज बाईंनी निक्षून सांगितलं, "आता पुरे. आज चाललं नाही, तर मशीन परत ने. तुझ्या साहेबांशीही मी बोलणार आहे."

अनंताची नोकरी नवी होती. कुणाली मागच्या खोलीत उभी राहिली. बोट बटणावर... पुन्हा मागे... पुन्हा बटणावर. दाबलं तर याची नोकरी जाईल, नाही दाबलं तर हाच जाईल! बाहेर बाईंचा आवाज सुरू झाला. कुणालीने हात ओढणीत गुंडाळून घेतले आणि डोळे गच्च मिटले.

मशीनने एकूण एक शब्द बरोबर लिहिला. बाई खूश झाल्या. अनंताने मात्र मान खाली घालून वायरी गुंडाळल्या, पिशवी उचलली आणि तिच्याकडे न बघताच पायऱ्या उतरला. सुटला एकदाचा, असंच वाटत असणार त्याला! कुणालीला राग आला, रडूही आलं. ती तशीच धावत मोटारसायकलपाशी गेली.

"जरा सांगून तरी जायचं!"

"काय सांगू? आज बटण नाय दाबलंस तू." त्याने पिशवीतून नखाएवढा माइक काढला. "हा कॉलरला लावला, की कंप्रेसरचा आवाज येतच नाय. दुसऱ्या खेपेपासून पिशवीत हाय. लावलाच नाय मी. वाटायचं, ती तिकडं बटण दाबतेय म्हणजे... मी यायला हवाय तिला. आज आवाजच नाय आला. समजलो मी."

"काय समजलास, डोंबल!" ती उसळली. "तुझी नोकरी जाईल म्हणून नाय दाबलं! मला तू हवास, येड्या... कायमचा हवास."

बोलून गेली आणि ओढणीत तोंड लपवायला लागली. अनंता किल्ली लावायचीच विसरला.

"पण आता तू येणार कशाला?" तिने ओढणीआडून विचारलं.

"दाढ दुखते सांगेन."

"मी बघितल्यात सगळ्या. एकपण किडलेली नाय."

"मग रविवारी आईला घेऊन येतो."

"आईची दाढ दुखते?"

"नाय गो. तिला शेणव्याला जायचंय. तुमच्या घरी."

कुणालीने ओढणी बाजूला केली. तेवढ्यात आत बाईंनी नेमका कंप्रेसर लावला. घर्रर्र... त्या आवाजात ती काय म्हणाली, ते अनंताला मात्र अगदी स्पष्ट ऐकू आलं.