परशुरामकाकांचे दोरे

कुडाळच्या बाजारात माझं दुकान आहे आणि दुकानात दोऱ्याशिवाय काही नाही. तंबोऱ्याच्या तारा, अबोलीचे वळेसर ओवायचं सूत, गळाची नायलॉन दोरी, जानवी, पखवाजाची वादी... ज्याला काही बांधायचं, ओवायचं किंवा छेडायचं असेल, तो माझ्याकडे येतो. बायको म्हणते, या माणसाशी लग्न करून मी चांगलीच गुंत्यात पडले.

त्यामुळे गेल्या भाद्रपदात कावेरीकाकीचा फोन आला, "तुणतुण्याची तार तुटली आसा, येवन बसवन जा रे," तेव्हा मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तारेचं वेटोळं आणि पक्कड पिशवीत टाकून भर दुपारी स्कूटर काढली. पिंगुळीच्या पुढे, भाताच्या कुणग्यांना लागून तिचं घर. वर्षापूर्वीपर्यंत तिथे तिचे यजमान परशुरामकाका होते. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या नाचवणारा, दारातून वाकून यावं लागणारा उंच माणूस. तोंडात कायम विडी. माझ्या दुकानात येऊन काळा दोरा असा ताणून बघायचे, की शेवटी रीळ माझ्या हातात उरेल का, याची मला धास्ती वाटायची.

तार खरोखर तुटली होती, पण बोलावणं त्यासाठी नव्हतं. पाण्याचा तांब्या पुढे ठेवून काकी म्हणाली, "माका तुझी पक्कड व्हयी होती. आमच्या घरात मेलेल्या माणसाचो दोरो घरच्यान कापूचो नसता. भायरच्यान कापूक व्हयो. वर्षभर माझाच मन होयत नाय. तेंच्या हातचो दोरो तो..."

"आणि आता?"

"आज वर्ष भरला. तिन्हीसांजेक बावल्यो संचिताच्या हातार नाचल्यो तर रवतल्यो. नायतर व्हाळात सोडूच्यो."

ही त्या घरातली रीत. ज्या बाहुलीला वर्षभरात नवा हात मिळाला नाही, ती लाल कापडात गुंडाळून पाण्यात सोडायची. संचिता त्यांची एकुलती एक मुलगी. ओरोसची बरी नोकरी सोडून ती वर्षभर या बाहुल्यांमागे लागली होती. ती आतून आली तेव्हा डोळे सुजलेले होते.

"नाचनत नाय रे, दादा," ती म्हणाली. "नुसते पाय फरफटवतत."

तिनं हात पुढे केला. बोटांतून गणपतीची बाहुली लोंबत होती; दोऱ्यांचे फास काकांच्या जाड बोटांच्या मापाचे. ते तिच्या बोटांवरून घरंगळत मुळाशी आले होते. दोऱ्याची लांबीही काकांच्या उंचीची. मला हसू आलं.

"अगो, बापाचो सदरो घालून नाचतस तू. पाय फरफटवतले नाय तर काय करतले?"

मान राखायचा म्हणून दोरा कापला नाही, आणि त्या मानापायी पोरीचं वर्ष फुकट गेलं. संचितानं गणपती आत नेऊन खुंटीला अडकवला. काकी विळीवर नारळ खवत राहिली.

मी आधी तुणतुण्याची तार बसवली, पिळली आणि छेडली.

आत माजघरात आवाज झाला. टक... टक... लाकडी पायांचा.

बाहेर माडाचं पातं हलत नव्हतं. मी स्वतःला समजावलं की एक तार दुसरीला हलवते, सतारीत नाही का वरची वाजवली की खालच्या आपोआप गुणगुणतात. तळहात ठेवून मी तार बंद केली.

आत टकटक चालूच राहिली. किंचित संथ. खेळात गणपती नाचवत आणताना काका नेहमी असाच ताल ओढायचे...

"रोज दुपारचा असाच होता," काकी मान वर न करता म्हणाली. "माका सवय झाली."

मला सवय नव्हती. पण पक्कड माझ्या हातात होती आणि संचिता दारात माझी वाट बघत उभी होती.

माजघराला खिडकी नाही. उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना, फक्त विडीचा वास आला. घरात आता विडी कोणी ओढत नाही. मग हळूहळू भिंत दिसली, खुंट्या दिसल्या, आणि खाली गणपती, रिद्धी, सिद्धी. पांगाऱ्याच्या लाकडाच्या, जुन्या रंगाच्या. मी गणपतीच्या दोऱ्याला हात घातला.

दोरा ताठ होता. वर पाहिलं. फास खुंटीत अडकवलेला नव्हता. खुंटीच्या वीतभर वर, हवेत होता... गोल... आत बोट असल्यासारखा.

पक्कड घामानं निसटायला लागली. पळून जावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त मला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं. वर्षभर हात आखडून उभा होता बिचारा.

संचिता पुढे आली. तिनं तो फास पाहिला होता. तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"बाबा... मी दोरो हातात मागलंय काय तू म्हणायचस, मगे. दर खेपेक मगे." ती थांबली. "आता झाला मगे. सोड."

कितीतरी वेळ काही झालं नाही. मग एक फास सैल पडला. मग दुसरा. बाहुल्या एकेक करून जमिनीवर टेकल्या. मी पटापट सगळे दोरे कापले आणि श्वास घेतला.

पुढचा सगळा वेळ आम्ही ओटीवर बसून नवे दोरे बांधले, संचिताच्या बोटांच्या मापानं, तिच्या उंचीला. तिन्हीसांजेपर्यंत गणपती आणि रिद्धी झाली. सिद्धी राहिली, तिला तशीच बिनदोऱ्याची, ओटीवर टांगलेल्या खेळाच्या पडद्यामागे भिंतीला टेकवून ठेवली.

काकी मांडीवर लाल कापड घेऊन पडद्यासमोर बसली. मी बाजूला तुणतुणं घेऊन. संचितानं एका हातात गणपती घेतला, दुसऱ्या हातात रिद्धी. पहिल्यांदा गणपती अडखळला. मग त्यानं मान डोलावली, पाऊल उचललं, आणि नाचला. काय नाचला! काकीनं बाहुल्या गुंडाळायच्या त्या कापडानंच डोळे पुसले.

संचिताचं सगळं लक्ष तिच्या बोटांवर होतं. त्यामुळे भिंतीला टेकलेली सिद्धी उभी राहिली, पडद्यापुढे आली आणि रिद्धीच्या जोडीनं चवरी ढाळू लागली, हे तिला कळलं नाही. मला कळलं. काकीलाही.

"तार थांबव नको," काकी पुटपुटली. "आणि तिका सांग नको. रवांदे तेंका थोडे दिवस... पोरीचो हात बसासर."

नवरात्रात देवळात खेळ झाला, मग जत्रांतून झाले. आता लांबून बोलावणी येतात. लोक म्हणतात, पोरगी बापाच्याही पुढे गेली, दोन हातांनी तीन बाहुल्या नाचवते. मी मान हलवतो. तिचा हात आता चांगला बसलाय आणि दोरा ती माझ्याकडूनच नेते. गणपतीचा नेला, रिद्धीचा दोनदा नेला.

सिद्धीसाठी तिनं अजून वीतभरही मागितलेला नाही.